मग फुडं कोण हाय?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात परवा माझी जी शोभा झाली, तिला जबाबदार एक & आहे. मालकांना गिऱ्हाइकाच्या पोर्टलवरून गेल्या आर्थिक वर्षाच्या ऑर्डरी हव्या होत्या. लिंक होती. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कर्ल (लिंकवरचा मजकूर उतरवून घेणारी कमांड) लिहिलं, लिंक चिकटवली, एंटर. स्क्रीनवर उमटलं: [१] ४१२७. त्याखाली [२] ४१२८.

पाठीमागे मालकांचे चुलते आबा उभे. जन्म लेथवर गेलेला, आता नुसती देखरेख.

"पयला नंबर आला की!"

"नंबर नव्हे आबा, काम मागं गेलं."

आबांनी वळून भिंतीकडं बघितलं. "कुठं मागं?"

"बॅकग्राउंडला."

"आन् दुसरा?"

"तोही मागंच."

"मग फुडं कोण हाय?"

पुढं खरंच कुणी नव्हतं. लिंकमध्ये & म्हणजे 'आता पुढची अट ऐका'. शेलला, म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो दिसला, की 'हे मागं चालू दे'. शेलचा हा हेका १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, वेबचा पत्ता त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी जन्मला. म्हणजे भांडण जुनं, मार मला. वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी पत्त्यातल्या दोन तिरक्या रेघा उगाच घातल्या म्हणून हळहळ तरी व्यक्त केली. & बद्दल कोण हळहळणार?

बरं, शेलनं ओरडावं ना! लिंकमधल्या तीन अटींपैकी 'एप्रिलपासून' एवढीच सर्व्हरला पोचली. 'मार्चपर्यंत' आणि 'फॉरमॅट' शेलनं आपले व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेले खण, समजून गिळले, वर चकार शब्द नाही. फायलीत परवाच्या ऑर्डरीसुद्धा आल्या. माझ्या मॅकवरचा झेडशेल निदान लिंकमधल्या प्रश्नचिन्हावरच अडून बसतो: 'नो मॅचेस फाउंड'. उद्धट आहे, पण तोंडावर बोलतो.

"आपल्या गावाचं नाव घालून बघ की," आबा.

घातलं असतं. पण पत्त्यात देवनागरीच्या एकेका चिन्हाचे (काना-मात्राही वेगळी मोजायची) तीन बाइट, दर बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट (%) तीन अक्षरं. 'कोल्हापूर' लिहायला ८१ लागतात. 'पुणे' ३६ मध्ये उरकतं. इथंही!

शेवटी लिंकच्या दोन्ही टोकांना एकेरी अवतरणचिन्ह लावलं. नीट फाईल उतरली.

"दोन टिकल्या?" आबा म्हणाले. "ह्येला इंजिनेर लागतोय व्हय?"

हे नेमकं मालकांनी ऐकलं. बारा महिने उधारीवर कामं करून घेणारा माणूस, पण त्या दिवशी रोख हिशेबाला बसला. मी आकडा सांगितला.

"दोन टिकल्यांचे एवढे?"

"एकीचं दे," आबा म्हणाले, "दुसरी तिच्यागतच हाय."