‘जपानशी मैत्री म्हणजे पुतळे, बागा आणि सह्या’ : हे खरं नाही

‘महाराष्ट्राची जपानशी मैत्री म्हणजे पुतळे, बागा आणि करारांवरच्या सह्या. परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे, राज्याच्या हातात काहीच नाही. जपानचा पैसा जवळपास फुकट मिळतो तेवढा घ्यावा, सांस्कृतिक देवाणघेवाण ही नुसती शोभा.’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला. चाकणच्या कारखान्यांत जपानी भाषेची दुभाषी म्हणून माझी बारा वर्षं गेली, त्यामुळे गप्प राहवत नाही.

आधी ‘राज्याच्या हातात काहीच नाही’ हा मुद्दा. परराष्ट्र व्यवहार आणि तह केंद्र सूचीत आहेत, हे बरोबर. पण २०१३ मध्ये महाराष्ट्राने जपानच्या वाकायामा प्रांताशी केलेला सामंजस्य करार म्हणजे तह नव्हे. शिवाय कारखाना उभा राहतो तो प्लॉट, पाणी, वीज आणि रस्ता यांवर. पारनेर तालुक्यात सुप्याला जपानी कंपन्यांसाठी जागा राखली ती एमआयडीसीने. परराष्ट्र मंत्रालयाने स्वतःच २०१४ मध्ये राज्यांसाठी वेगळा विभाग काढला, तो काही उगाच नाही.

‘फुकट पैसा’ हा मुद्दा तर घातकच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कर्जाचा व्याजदर ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. अटी सवलतीच्या आहेत, पण हे कर्ज येनमध्ये आहे. रुपया येनपुढे घसरला की हप्ता वाढतो. अटल सेतू आणि मुंबईची भुयारी मेट्रो ३ यांच्यामागेही जपानचं कर्ज आहे. ती कामं हवीच होती, मी त्यांच्या विरोधात नाही. फक्त त्या पैशाला देणगी समजू नका.

आता ‘नुसती शोभा’. माझा खरा राग इथे आहे.

२०१५ मध्ये वाकायामातल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो तिथे का पोचला, हे त्या मजकुरात कुठेच नाही. कोयासान हे शिंगोन बौद्ध पंथाचं बाराशे वर्षांचं पीठ. आणि आपल्याकडे नागपुरात १९६०च्या दशकात सुरई ससाई हे जपानी भिक्खू येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले, दीक्षाभूमीच्या कामात आयुष्य घातलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानी मदतीतून १९९९ मध्ये उभं राहिलं. माणसांनी हा रस्ता आधी पाडला. सह्या करणारे त्यावरून नंतर गेले.

पुतळ्या-बागांनी नोकऱ्या येत नाहीत म्हणे. मग एक प्रसंग सांगते. एका डायच्या, म्हणजे साच्याच्या, दुरुस्तीवरून बैठक चालू होती. आमच्या मॅनेजरनी विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का? जपानी इंजिनिअरने दातांतून श्वास आत ओढला, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाला, ‘चोत्तो मुझुकाशी देस ने.’ शब्दशः अर्थ, ‘थोडं अवघड आहे.’ मॅनेजरनी वहीत लिहिलं : शुक्रवार, प्रयत्न करतो म्हणाले. मी त्यांना बाजूला घेतलं. ‘सर, हा नकार आहे. शुक्रवारचं डिस्पॅच धरू नका.’ त्यांनी खाडाखोड केली आणि तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन लावला. तो फोन शुक्रवारी गेला असता तर गिऱ्हाइकाची उत्पादनाची लाइन थांबली असती.

हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नाही. पुण्यात आमच्या बाई वर्गाला सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात घेऊन गेल्या होत्या, म्हणजे आताचं पु. ल. देशपांडे उद्यान. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलेलं आहे. पायवाट वळते तशी बाग थोडी थोडी दिसते. बाई म्हणाल्या, ‘जपानी बोलणंही असंच. सगळं एकदम समोर ठेवत नाहीत, तुम्ही चालत राहायचं.’ त्या वर्गातले आम्ही सहाजण आज याच भाषेवर घर चालवतो. कोणी तळेगावला, कोणी हिंजवडीच्या आयटीत, एक तोक्योत. त्या बागेला शोभा म्हणणाऱ्याने आमच्या सहा घरांचं काय करायचं ते सांगावं.

त्या मजकुरातली एक गोष्ट मात्र मी मान्य करते. सामंजस्य करारातला आकडा ही गुंतवणूक नसते, आणि दौऱ्यानंतर तो तसा छापला जातो हे चूकच. पण त्यावर उपाय म्हणून संस्कृती बाजूला ठेवून फक्त पैसा घ्यायचा असेल, तर अजिंठ्याकडे बघा. जपानी कर्जातून तिथे भव्य अभ्यागत केंद्र बांधलं, १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. पुढे वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्र बंद पडलं. पैसा आला होता, इमारतही झाली होती. ते चालतं ठेवायला रोज तिथे कोण असणार, एवढंच ठरलेलं नव्हतं.