दोनशेचं कार्ड आणि आयर्विन पूल

आमच्या सांगली-मिरजेतल्या गेमवाल्या पोरांच्या ग्रुपवर हँडहेल्डच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेम मशीनच्या, मेमरी कार्डाबद्दल एक मेसेज फिरतोय: 'हँडहेल्डवर गेम अडकतोय? साधं कार्ड फेका. २०० एमबी म्हणजे दुप्पट स्पीडचं, वी३०, ए२ लिहिलेलं टाका. एफपीएस वाढणार, गॅरंटी!' भाचा साठवलेले पैसे घेऊन दुकानात निघाला, तेव्हा मला लिहिणं भाग पडलं.

'एफपीएस वाढणार.' नाही वाढत. एफपीएस म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात तो आकडा. फ्रेम तयार करतात प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप. कार्ड फक्त गेमचा माल रॅमपर्यंत, म्हणजे मशीनच्या चालू कामाच्या मेमरीपर्यंत, पोचवतं. जुन्या हँडहेल्डचं उदाहरण घ्या: गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा मोठ्यातला मोठा गेमही साधारण ३२ एमबीचा. तो सुरुवातीलाच अख्खा रॅममध्ये जाऊन बसतो. भाच्याच्या दोन स्लॉटवाल्या मशीनवर असाच जुना गेम चालू असताना मी गेमचं कार्ड चक्क उपसून हातात धरलं. गेम चालूच. पडद्यावरचा गडी उड्या मारतोय आणि भाचा आ वासून माझ्या हाताकडे बघतोय. (सेव्ह करायला गेला तेव्हा बोंब झाली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुम्ही हा उद्योग करू नका.) प्लेस्टेशन १ ची सीडी तर सेकंदाला ३०० केबीनं वाचली जायची. जुन्या मोबाइलमधलं कार्डसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे आहे.

'२०० म्हणजे दुप्पट.' गर्दीच्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलावर बुलेट न्या नाहीतर लुना, कृष्णा दोघी एकाच चालीनं ओलांडतात. मशीनचा कार्ड-स्लॉट हा तसाच पूल. स्टीम डेक आणि पहिला स्विच या हँडहेल्डांचा स्लॉट यूएचएस-१ या वेगाच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १०० एमबी. पाकिटावरचे २०० मिळवायला कार्डाच्या कंपनीची स्वतःची खास युक्ती ओळखणारा रीडर लागतो. तुमच्या मशीनमध्ये तो नाही.

'वी३० पाहिजेच.' हा आकडा कॅमेरावाल्यांचा: व्हिडिओ लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही, एवढंच. ए२ ची गोष्ट जरा वेगळी. बारीकसारीक फायली भराभर वाचण्याचा तो दर्जा. ए१ ला सेकंदाला किमान १५०० वाचनं, ए२ ला ४०००. पण ए२ चा पूर्ण फायदा मशीननं त्याची पद्धत पाळली तरच. नाहीतर ए१ पुरतं.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही असंही नाही. स्टीम डेकवर पीसीचे मोठे गेम खेळताना नवा भाग कार्डावरून सतत येत राहतो; कार्ड मरतुकडं असेल तर लोडिंग रेंगाळतं, मध्येच एखादा झटकाही बसतो. आणि २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे नव्या, वेगवान जातीचं कार्डच लागतं. साध्या कार्डावरून जुने फोटो-व्हिडिओ उतरवून घेता येतात, बस.

जे सांगायला हवं होतं ते त्या मेसेजमध्ये नाहीच: बनावट कार्ड. मी एकदा स्वस्तात २५६ जीबीचं घेतलं. थोडे गेम टाकेपर्यंत झकास, मग नवीन फाइल टाकली की जुनी बिघडायची. २५६ हा आकडा नुसता वर छापलेला होता. तेव्हापासून नवं कार्ड आलं की आधी एच२टेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा प्रोग्राम लावतो. ते कार्ड शेवटपर्यंत भरतं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतं.

भाच्यानं काल साधं ए१ चं १२८ जीबी कार्ड आणलं. आत्ता त्याची तीच तपासणी चालू आहे, आणि तो दर पाच मिनिटांनी येऊन विचारतोय, "मामा, झालं का?"