दोन पदव्यांच्या मेसेजबद्दल खुलासा

‘मिशनच्या कॉलेजांना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम लागू नाहीत, घरबसल्या एकदम दोन डिग्र्या घ्या.’ हा मेसेज काल मीच पुढे पाठवला होता. घाई झाली, माफ करा.

आपलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासूनचं, ख्रिस्ती मिशनचंच. पण पदवी मिळते ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. म्हणजे नियम सगळ्यांना सारखेच.

दोन पदव्यांची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. यूजीसीच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना मी वाचल्या. दोन्ही अभ्यासक्रम नियमित असतील, तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो, पण त्या दुसऱ्याला मान्यता हवी. पीएचडी यात बसत नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून गेलेला तर डिलीटच करा.