इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की दंड?

वर्गात मराठी शब्द उच्चारला की एक रुपया दंड, असा नियम आमच्या जिल्ह्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. पालकांना त्याचं भारी कौतुक. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि मला हा नियम अजिबात पटत नाही. कारण भाषाभिमान नव्हे, कारण वर्गातलं आहे.

पोरं आपापसात काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका. परवा सहावीला जोड्या करून चित्राचं वर्णन लिहायला दिलं होतं. मागच्या बाकावर चाललेलं:

"अय, हॅव न्हाई, हॅज येतंय हितं."
"कशावरनं?"
"ही एकटीच हाय की. दोघी असत्या तर हॅव."

दारातून जाणाऱ्याला ही मराठी बडबड वाटेल. माझ्या लेखी त्या तासातलं सगळ्यात चांगलं व्याकरण तेवढंच झालं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

कॅनडात मेरिल स्वेन आणि शॅरन लॅपकिन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी २००० साली हेच मांडलं. फ्रेंचमधून शिकणारी आठवीची मुलं जोडीनं काम करताना मधेच इंग्रजीत, म्हणजे आपल्या भाषेत शिरायची. कशाला? तर काम पुढं न्यायला, शब्दावर-व्याकरणावर नेमकं बोट ठेवायला आणि एकमेकांशी जमवून घ्यायला. टवाळक्या त्यात थोड्याच.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी पोरांच्या तोंडी इंग्रजीला काम एकच: बाईंनी विचारलं की उत्तर देणं. अपवाद 'मे आय कम इन' आणि 'मे आय ड्रिंक वॉटर'चा. तिथं कुणीच अडखळत नाही, कारण ते म्हटल्याशिवाय पाणी मिळत नाही! भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे यांनी १९७५ मध्ये स्वतःच्या मुलाच्या बोलण्यावरून लहानग्यांच्या भाषेची सात कामं सांगितली. हवं ते मागणं, दुसऱ्याला कामाला लावणं, जवळीक साधणं, स्वतःचं म्हणणं मांडणं, 'हे काय' म्हणून विचारणं, खोटं-खोटं खेळणं, आणि सगळ्यात शेवटी येतं ते माहिती सांगणं. आम्ही इंग्रजीला सुरुवातच त्या सातव्यापासून करतो. 'धिस इज अ काऊ.' गाय समोर दिसतेय की, सांगायचं कुणाला?

आमच्याकडं गलाईवाल्यांची पोरं येतात. बाप सोन्याचांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, तमिळनाडूत नाहीतर केरळात. काही वर्षं तिकडं काढून परतलेला एक पोरगा पाढे तमिळमध्ये पुटपुटतो आणि आजीशी अस्सल खानापुरी मराठीत हुज्जत घालतो. तमिळ त्याला दंड लावून कुणी शिकवलं नव्हतं. गल्लीतली पोरं खेळायला घेईनात, म्हणून शिकला.

म्हणून मी वर्गात सापशिडी आणली. फासा टाकताना जे बोलायचं ते इंग्रजीत, बाकी वाट्टेल त्या भाषेत. 'यू चीटेड', 'थ्रो अगेन', 'वेट, वेट' हे सगळं आपोआप आलं. एक पोरगी तर तावातावानं ओरडली, "इट्स माय टर्न की गं!"

पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या घटकात बसतं? आता नियोजनाच्या वहीत सापशिडीला 'संभाषण कौशल्य' लिहिते.