हलवायाच्या घरावर शेअर्ड फोल्डर

घरातलं लग्न पार पडलं, फोटोग्राफरने पेनड्राइव्ह हातात ठेवला, आता त्यातले बरे तीस-चाळीस फोटो निवडून पाठवायचे म्हणजे दोन तास बसावं लागणार, आणि वर "माझा एकही चांगला फोटो नाही" म्हणून आत्या रुसणार ती वेगळीच. एवढी कटकट कशाला? सगळंच्या सगळं एका फोल्डरात टाका आणि अख्ख्या खानदानाला शेअर करा. मिटलेल्या डोळ्यांचे, अर्ध्या कापलेल्या डोक्यांचे, मांडवाबाहेरच्या चपलांचे, सगळे फोटो टाका, कुणी नाराज व्हायला नको.

ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय, असेल तर सोन्याहून पिवळं. फुकटच्या खात्यात जागा 2 जीबी, आणि शेअर्ड फोल्डर तिथे नुसता मालकाच्या नाही, तर तो स्वीकारणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण मोजला जातो. म्हणजे तुमचा दीड जीबीचा फोल्डर तुम्ही धरून 12 जणांत गेला की सगळ्यांचे मिळून 18 जीबी खल्लास, फोटो तेवढेच. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापता येतं, इथे तीही सोय नाही. आणि एडिटची परमिशन सगळ्यांना द्या हां, कॉलेजातल्या भाच्याला तर आधी. त्याने गोव्याच्या ट्रिपचे व्हिडिओ त्याच फोल्डरात ओतले की बाकी अकरा जणांची खातीही तुडुंब, सिंक (म्हणजे नव्या फाइली आपोआप चढणं-उतरणं) बंद, आणि कोणालाच कळत नाही की आपण तर काहीच टाकलं नव्हतं मग भरलं कसं. नुसती लिंक पाठवली तर बघणाऱ्याची जागा जात नाही, पण हे कुणाला बोलू नका.

गूगल ड्राइव्हवाले थोडे कमनशिबी, तिथे फाइल ज्याची त्याच्याच खात्यात मोजली जाते. पण हिंमत सोडू नका, नियम उलटा वापरा. फोल्डर तुम्ही काढा, नाव झकास द्या, आणि "सगळ्यांनी आपापले व्हिडिओ इथे टाका रे" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर सोडा. मावशीने टाकलेला 4 जीबीचा संगीताचा व्हिडिओ दिसणार तुमच्या फोल्डरात, जागा खाणार मावशीच्या 15 जीबीतली. कौतुक तुमचं. पुढे फोल्डर नीटनेटका करायचा म्हणून तो व्हिडिओ तुम्ही काढून टाकलात तरी मावशीच्या खात्यात तो तसाच पडून राहतो, कारण कायमचा डिलीट फक्त मालकच करू शकतो, आणि मावशीला वाटतं, चला, गेला एकदाचा.

आता ड्राइव्हचं स्टोरेज फुल झाल्याची लाल पट्टी तुमच्याच दारात आली तर? घाबरायचं नाही. पहिल्यांदा "शेअर्ड विथ मी" उघडा आणि दुसऱ्यांच्या फाइली एकेक करून काढत बसा, अख्खा रविवार घालवा. एक केबीसुद्धा सुटणार नाही, कारण त्यातलं तुमचं काही मोजलंच जात नव्हतं, पण साफसफाई केल्याचं समाधान मिळतं ते काय कमी आहे का. मग स्वतःच्या दोन मोठ्या फाइली डिलीट करा आणि ट्रॅश मात्र रिकामा करू नका, त्या तिथे 30 दिवस आरामात जागा धरून बसतात. आणि कुणाच्या फोल्डरातलं काही आवडलंच तर "मेक अ कॉपी" मारा, म्हणजे ते हक्काने तुमच्या खात्यात येऊन बसेल.

मामाचं कसं झालं बघा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांचे मिळून ते 15 जीबी, त्यात फोटो फुकट ठेवायचे दिवस 1 जून 2021 लाच संपलेले, अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्याच डब्यात पडतो. मामाने उत्साहात बारशाचे सगळे व्हिडिओ ताईच्या फोल्डरात चढवले, त्यांचा डबा भरला, आणि त्यांना मेल यायचेच बंद झाले. लाइट बिलाचा मेल नाही, बँकेचा नाही, ते आठवडाभर नेटवाल्याला शिव्या घालत होते.

शेवटचा उपाय म्हणजे पैसे भरा आणि गूगलचा फॅमिली प्लॅन करा. त्यात आधी प्रत्येकाचे स्वतःचे 15 जीबी संपतात, मग सगळे सामायिक जागेवर तुटून पडतात, भाचा सगळ्यात आधी. आणि तुमच्याशिवाय पाचच जणांना घेता येतं. धाकट्या काकूंना ते कसं सांगायचं, ते तेवढं तुमचं तुम्ही बघा.