वस्तरा आणि बस्तर

गळ्यावर वस्तरा टेकलेला असताना माणसाला साधे 'अहो' म्हणता येत नाही, आणि नेमक्या त्याच अवस्थेत गेल्या रविवारी एका पूर्णपणे अनोळखी गृहस्थांनी माझी छत्तीसगडमधल्या बस्तरची सहल माझ्या डोळ्यांदेखत मोडून आपल्या पद्धतीने पुन्हा बांधली. रविवार असल्यामुळे सलूनमध्ये गर्दी होती. नंबर येईपर्यंत मी बाकावर बसून मोबाइलवर रस्ता तपासत होतो, आणि नंबर आला तेव्हा नकाशा उघडाच ठेवून मोबाइल आरशाखालच्या फळीवर, क्रीमच्या डब्यांशेजारी ठेवला. केशकर्तनकाराने गालांवर फेस चढवून माझी मान मागे टेकवली. पुढचा सगळा प्रसंग मी छताकडे पाहत ऐकला आणि अधूनमधून आरशात पाहिला.

आधी या आराखड्यावर किती डोके घालवले होते, ते सांगणे आवश्यक आहे. नागपूरहून बस्तरचे मुख्य शहर जगदलपूर रस्त्यानुसार पाचशे ते सहाशे किलोमीटर आहे. एक रस्ता भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव असा रायपूरकडे जातो आणि तिथून धमतरी, कांकेर, केशकाल घाट व कोंडागाव करत दक्षिणेला उतरतो. दुसरा गडचिरोलीवरून धानोरा, मुरूमगाव, मानपूर, बालोद असा जंगलातून जाऊन कांकेरच्या अलीकडे पहिल्या रस्त्याला मिळतो. पहिला रस्ता रुंद आहे आणि कंटाळवाणा आहे. दुसऱ्याबद्दल मी विचारलेल्या प्रत्येक माणसाचे मत वेगळे होते आणि त्यांपैकी बहुतेकांनी तो रस्ता पाहिलेला नव्हता.

त्याहून अवघड प्रश्न तारखेचा होता. इंद्रावती नदीवरचा चित्रकोट धबधबा पावसाळ्यात सुमारे तीनशे मीटर रुंद होऊन घोड्याच्या नालेच्या आकारात कोसळतो, तेव्हा त्याचे पाणी तांबूस गढूळ असते. उन्हाळ्यात तोच धबधबा खडकावरून मोजक्याच धारा सोडतो आणि पाहणारा हिरमुसतो. उलट कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसरची गुहा, जिच्यात लवणस्तंभ आहेत आणि आंधळे मासे आहेत, ती पावसाळ्यात पाणी शिरत असल्यामुळे बंद असते. म्हणजे धबधबा भरलेला हवा तर गुहेवर पाणी सोडावे लागते आणि गुहा हवी तर धबधब्याचे पाणी सोडावे लागते. मधला मार्ग म्हणून दसऱ्याच्या सुमारास जावे, तर बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो, त्याच्या शेवटच्या दिवसांत दंतेश्वरी देवीचा प्रचंड लाकडी रथ ओढायला गावोगावचे लोक जगदलपुरात येतात आणि शहरात खोली मिळणे कठीण होते. तिथल्या खोल्यांसाठी मी जे क्रमांक फिरवले, त्यांतले काही कायम व्यस्त होते आणि एकावर एका बाईंनी मला अत्यंत सौजन्याने सांगितले की हे भाताच्या गिरणीचे घर आहे. तरीही मी तारखा ठरवल्या, खडूने आखाव्यात तशा. दोन दिवस धबधब्यांसाठी, एक पूर्ण दिवस बारसूरच्या भग्न देवळांसाठी, परतीला नारायणपालचे विष्णुमंदिर.

आता ते गृहस्थ. वय सत्तरीच्या आसपास, आणि अंगात पातळ, निळ्या, पारदर्शक प्लास्टिकचा रेनकोट, जो बाहेर पाऊस थांबून आणि आत पंख्याखाली बसूनही त्यांनी काढलेला नव्हता. माझा मोबाइल त्यांनी वर्तमानपत्र उचलावे तितक्या सहजतेने उचलला.

"जगदलपूर?" ते म्हणाले. "तिकडे कायले जाऊन राहिले, भाऊ?"

मी घशातून एक आवाज काढला. केशकर्तनकाराने माझे नाक चिमटीत धरून वरच्या ओठावर वस्तरा फिरवला आणि माझ्या वतीने उत्तर दिले, "धबधबा आहे म्हणते तिकडे. भारताचा नायगरा म्हणते लोकं."

हे वाक्य त्याने उच्चारायला नको होते. गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी रेनकोटाची दोन्ही टोके हातांत धरून संपूर्ण सलूनला दाखवली. हा रेनकोट खऱ्या नायगऱ्याचा होता. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याने आईवडिलांना बसच्या पॅकेजने नायगऱ्याला पाठवले होते, तिथे बोटीच्या तिकिटाबरोबर हा मिळाला आणि तेव्हापासून ते दुसरा रेनकोट वापरत नाहीत. बोट कुठपर्यंत जाते, तुषार कुठे लागतात, बसमध्ये जेवायला काय होते (थेपले, आणि एका मुक्कामी चक्क कढी), गाइड पंजाबी असूनही किती वक्तशीर होता, हे सर्व त्यांनी क्रमवार सांगितले. माझ्या डाव्या गालावरचा फेस तेवढ्यात वाळला, कारण केशकर्तनकारही हातातला वस्तरा हवेत धरून ऐकत होता.

"खरा पाहून झाल्यावर," त्यांनी निष्कर्ष काढला, "हा कायले पाहायचा? हा त्याच्या अर्धा."

उंचीपुरते ते जवळपास खरे आहे. चित्रकोट तीस मीटरांच्या आसपास आहे. परंतु खरा नायगरा त्यांनी पाहिला होता, मी नव्हे, आणि त्यांनी पाहिल्यामुळे माझे पाहणे कसे अनावश्यक ठरते, हे विचारण्यासाठी मला तोंड हवे होते, जे त्या क्षणी माझ्या ताब्यात नव्हते. आपल्याकडे एखाद्या स्थळाला भारताचा अमुक किंवा विदर्भाचा तमुक म्हटले की त्याचे कौतुक झाले असे समजतात. प्रत्यक्षात ते स्थळ जन्मभर कुणाच्या तरी रेनकोटाशी तोलले जाते.

दरम्यान सलूनमध्ये चर्चा पेटली होती. केसांना मेंदी लावून बसलेल्या एकाने "तिकडे गोळ्या चालतात" असे जाहीर केले आणि दुसऱ्याने मोबाइलवरून मान वर न करता "दिवसा नाही चालत" अशी दुरुस्ती केली. या ठिकाणी मला गंमत सुचत नाही. बस्तरमध्ये माणसे मेलेली आहेत, जवान आणि गावकरी दोन्ही, आणि तीर्थगडच्या धबधब्याच्या परिसरातल्या दरभ्याचे खोरे २०१३ च्या झीरम घाटीच्या नक्षलवादी हल्ल्यामुळे देशभर माहीत झाले. ज्यांना त्या भीतीसोबत आठवडी बाजारात जाऊन भाजी विकावी लागली, त्यांनी मला थांबवले असते तर मी थांबलो असतो. पण सलूनच्या पंख्याखाली डोक्याला मेंदी लावून बसलेल्या माणसाची भीती ही करमणूक असते. त्याला बस्तरमधले एक गाव सांगता आले नसते, घडवा कामाच्या ओतीव धातूच्या मूर्ती तिथल्या आहेत हे ठाऊक नव्हते (त्याच्या डोक्यामागच्या शोकेसमध्ये त्यांपैकीच एक नंदी होता, बहुधा कोंडागावचा), आणि तरी त्याने माझ्या कुटुंबाच्या सुरक्षिततेवर निकाल दिला. १७७८ च्या कोटपाडच्या तहानंतर बस्तर नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले होते. त्या काळी खंडणीसाठी निघालेल्या स्वारांनी आधी महालातल्या न्हाव्याकडे बसून मते गोळा केली असती, तर ती खंडणी आजही थकलेली असती.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला, आणि तो गृहस्थांच्याच हातात होता.

"हॅलो. हो, वहिनी. त्यायची दाढी होऊन राहिली, बोलता येत नाही त्यायले. मीच बोलतो, बोला."

मी डोळे उघडले. आरशात केशकर्तनकाराने मान हलवून मला हलू नका अशी खूण केली.

यानंतरच्या संभाषणाची मला फक्त एक बाजू ऐकू आली, आणि मनस्ताप सगळा त्यामुळेच आहे. "हो, तेच पाहून राहिलो मी... बारसूर. हो, दिवसभर ठेवलं आहे... मीही तेच म्हणतो, पडकी देवळं पाहाले इतकं लांब कायले?... अच्छा, तुमाले पण नाही पटत?" मला पहिल्यांदाच कळले की माझ्या पत्नीला बारसूर पटत नाही. घरी विचारल्यावर ती "तुम्ही ठरवा" म्हणाली होती आणि मी ठरवले होते. मग गृहस्थांचा आवाज गंभीर झाला. "काय सांगता? थांबवतच नाहीत?... चहाले पण नाही?... राजनांदगावपर्यंत?" एकेका प्रश्नागणिक बाकावरची माणसे आरशातून माझ्याकडे पाहू लागली. मेंदीवाल्याने तर तोंडाने च्च केले.

मी गाडी थांबवतो. कुठे थांबवायची ते मी ठरवतो, एवढेच. आणि मी ते का ठरवतो, याचे कारण त्या बाकाला ऐकवायला हवे होते: महामार्गावर बायकांना जाता येईल असे स्वच्छ स्वच्छतागृह शोधण्यात माझा नकाशावरचा अर्धा वेळ गेला आहे. या देशात धबधब्याला किती तारे मिळाले ते तुम्हाला घरबसल्या कळते, त्याच्या काठावर भजी कुठे चांगली मिळतात तेही कळते, मात्र कोणत्या पेट्रोलपंपावरचे शौचालय कुलूपबंद नाही आणि त्याची किल्ली कोणत्या मुलाकडे असते, हे तिथे जाऊन, गाडीतल्या माणसांचे चेहरे पाहत, स्वतःच विचारावे लागते. टोल मात्र नियमाने कापला जातो. रायपूर ते जगदलपूर हे तीनशे किलोमीटर मी या एका प्रश्नासाठी इंचाइंचाने पाहिले होते. याला थांबवत नाही म्हणतात.

बारसूरविषयी तर मला अधिकच वाईट वाटले. तिथे छिंदक नागवंशाच्या काळातली देवळे आहेत, मामा-भाच्याचे एक, चंद्रादित्याचे एक, शेजारी शेजारी बसलेले दोन अवाढव्य दगडी गणपती आहेत, आणि बत्तीस खांबांचे 'बत्तीसा' देऊळ आहे, ज्यात एकाच मंडपाला दोन गाभारे आहेत. गंगामहादेवी नावाच्या नाग राणीने दोन शिवालये बांधली, एक नवरा सोमेश्वर याच्या नावाने आणि एक स्वतःच्या, असे तिथल्या शिलालेखात आहे. मला ते दोन गाभारे पत्नीला दाखवायचे होते. त्यामागे संसाराविषयी काहीतरी म्हणायचाही विचार होता. ते सर्व एका निळ्या रेनकोटाने "पडकी देवळं" या दोन शब्दांत निकालात काढले, आणि त्याला अनुमोदन माझ्याच घरून मिळाले.

बस्तरचा दसरा सुरू करण्यापूर्वी खुद्द राजालाही काछिनदेवीची परवानगी मागावी लागे, आणि काट्यांच्या झोपाळ्यावर पहुडलेल्या एका मुलीच्या मुखातून देवी ती देत असे. आजही तो विधी होतो. राजाचे त्यात काही कमी झाले असेल असे वाटत नाही, कारण त्याला निदान देवीने परवानगी दिली होती.

शेवटी गृहस्थांनी मोबाइल फळीवर ठेवला, तोही उलटा. "झालं," ते म्हणाले. "वहिनींसोबत बोलणं झालं. तुमच्या वयाले हे स्वतः गाडी चालवणं-बिलवणं नको, भाऊ. पॅकेजनं जा." हे मला सत्तरीचा माणूस सांगत होता. केशकर्तनकाराने तुरटीचा खडा गालावर फिरवला. इतक्या वेळाने तोंड मोकळे झाले तेव्हा बोलण्यासारखे सर्व बोलून झाले होते. मी पैसे दिले आणि दाढीचे सुटे परत घेतले.

घरी आल्यावर कळले की पॅकेजचा भाग पत्नीला मान्य नाही. एवढ्यापुरते मी सुटलो असे वाटले, पण "काकांना रस्त्याची चांगली माहिती आहे" असे तिचे मत झाले होते. काकांना तिने आपला क्रमांकही दिला होता, आणि संध्याकाळपर्यंत 'बस्तर' नावाचा गट तयार होऊन त्यात मी, ती, काका आणि मला अजून न भेटलेल्या काकू असे चौघे होतो. त्यावर काकांचा आराखडा आला. पहिल्या दिवशी डोंगरगडची बमलेश्वरी (वाटेतच आहे, रोपवे आहे), मुक्काम रायपूर, कारण तिथे त्यांच्या साडूच्या ओळखीचे शुद्ध शाकाहारी हॉटेल आहे. दुसऱ्या दिवशी जगदलपूर, विश्रांती. तिसऱ्या दिवशी दंतेवाड्याला दंतेश्वरीचे दर्शन, विश्रांती. चित्रकोट धबधबा चौथ्या दिवशी होता आणि त्याच्यापुढे 'वेळ मिळाल्यास' असे लिहिले होते. बारसूर कुठेही नव्हते. त्याखाली पत्नीने नमस्काराचे चिन्ह टाकले होते.

मी बराच विचार करून, शब्द जपून, एवढेच लिहिले की दंतेवाड्याहून परतताना गीदमपासून बारसूरचा फाटा जवळ आहे, तेव्हा एक तास काढता येईल का ते पाहावे. त्यावर काकांचे उत्तर लगेच आले. बारसूरचे पुढे पाहू, पण समोरची सीट आपल्याला लागेल हे आताच सांगून ठेवतो, मागे बसले की मळमळते आणि वाटेत केशकाल घाट आहे.