अंदमानला 'टाकलं' म्हणू नका

सकाळी ग्रुपवर कुणीतरी सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्यांची यादी टाकली. खाली एकाने लिहिलं, "बिचाऱ्याला अंदमानला टाकलं, काळ्या पाण्याची शिक्षा!" लगेच हसऱ्या तोंडांची रांग. माझं डोकंच फिरलं.

माझे मामा ग्रेट निकोबारला राहतात. १९६९ पासून सरकारने तिथे माजी सैनिक वसवले. पंजाबचे जास्त, पण मराठी कुटुंबंही होती. आमचे आजोबा त्यातलेच. जंगल साफ करून नारळ लावले. २००४ च्या त्सुनामीत बेटाची जमीनच खचली आणि मामांची निम्मी बाग समुद्रात गेली.

त्या बागेचे कागद निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मामा जहाजाने पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) जायचे. पहिल्या साहेबांना प्रकरण समजलं, तोवर त्यांची बदली. दुसरे म्हणाले, "नकाशात बाग दाखवा." मामांनी बोट ठेवलं. "इथे तर पाणी आहे." "तेच सांगायला आलोय, साहेब." तिसऱ्यांनीही पुन्हा नकाशापासूनच सुरुवात केली!

आपल्याकडे कलेक्टर बदलला तर निदान आमदाराच्या दारात जाता येतं. अंदमानात विधानसभाच नाही. एक खासदार, बाकी कारभार दिल्लीहून नेमलेल्या माणसांचा. अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश मिळून या अधिकाऱ्यांचं एकच केडर, म्हणजे बदल्यांसाठीचा एकच गट. २०२१ मध्ये जम्मू-काश्मीरही त्यातच आलं. आज इटानगर, उद्या पणजी, परवा बेटं. गोव्यातल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. आणि बेटं म्हणजे 'खडतर भाग', दोनेक वर्षं काढायची. बेट कळायलाच तेवढी लागतात हो!

मुलांच्या शाळा, घरी म्हातारे आईवडील, मान्य. दोन वर्षंही जड जातात काहींना. मग ज्याला जायचंय त्याला शोधा, चार-पाच वर्षं ठेवा, आणि पुढचा कोण हे सहा महिने आधी ठरवा. महिनाभर दोघांना एकत्र फिरवा, निकोबारच्या जहाजातसुद्धा. खुर्ची रिकामी झाल्यावर नाव शोधायचं, ही कसली पद्धत?

सगळेच तसे नसतात, हेही लिहितो. चौथे साहेब मामांच्या अंगणात येऊन बसले, किनाऱ्यापर्यंत चालत गेले, पाण्यात उभी असलेली नारळाची खोडं स्वतः मोजली. जाताना हाताने चार पानी टिपण लिहून फाइलला लावलं. पाचव्यांनी ते वाचलं आणि एका भेटीत काम झालं. चार पानं! मामा हे सांगताना अजून गहिवरतात.

आता ग्रेट निकोबारला मोठं बंदर आणि विमानतळ करायचं चाललंय, म्हणजे पुन्हा जमिनीच्या फाइली. मघाशी मामांना फोन केला. त्या चार पानांची झेरॉक्स त्यांनी निळ्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलीय. नवीन साहेब आले की आधी तीच दाखवणार म्हणाले.